न धुतलेले चार समुद्र

३ जानेवारी २०२५

मसाल्याच्या शेठनं नवीन वर्षाची डायरी दिली. एरवी मी ती खालच्या रुपालीला देऊन टाकते, यंदा म्हटलं शेवंते, आपणच लिहू. घरात बोलायला माणूस आहे म्हणायचं, पण आमच्या ह्यांच्या तोंडाला कायमचं कुलूप. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा हे एक "हं" देणार, तेही उपकार केल्यासारखं.

आज सकाळीच वाजलं आमचं. फेब्रुवारीत मिरची यायला लागेल, मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी आत्तापासून येतायत आणि पोती ठेवायला जागा नाही. पोटमाळ्यावर ह्यांचे चार पडदे पडलेत. गल्लीच्या गणपतीमागे लावायचे पडदे, मांजरपाटावर रंगवलेले. हे गेली पस्तीसेक वर्षं मंडळाचा पडदा रंगवतात. मंडळ म्हणतं कैलास काढा, हे समुद्र काढतात. मंडळ म्हणतं चांद्रयान काढा, हे वर चंद्र काढून खाली समुद्रच काढतात. लोकही आता हसतात आणि सोडून देतात.

पूर्वी बरं होतं. विसर्जन झालं की पडदा माझ्या हवाली. सरसातला रंग तो, पाण्यात घातला की सुटतो. मी न्हाणीत बसून धुवायची, पांढरं स्वच्छ कापड परत पुढच्या वर्षाला तयार. आख्ख्या मजल्याच्या मोरीतून निळं पाणी जायचं आणि बायका ओरडायच्या, "शेवंतीकाकी, दर्या सोडलात काय?" मला मजा यायची.

चार वर्षांपूर्वी पडदा धुवायला काढला तर हे म्हणाले, "रवांदे." एवढंच. राहू दे म्हणे. दर वर्षी तेच. दर वर्षी नवीन कापड, मंडळाचा विनीत कुरकुर करतो. म्हातारपणी स्वतःला मोठे कलाकार समजायला लागलेत, दुसरं काय! आज म्हटलं, "धुवून टाकते चारी." तर असं बघितलं माझ्याकडे की मीच चहा टाकायला उठले.

७ जानेवारी

आज एक मुलगी आली. जुई नाव. गिरगावातली, त्यांचं पुस्तकात लिहिल्यासारखं मराठी असतं तसं बोलते. चित्रांची प्रदर्शनं भरवते. मंडळाच्या जुन्या फोटोंत तिला ह्यांचे समुद्र दिसले म्हणे, आणि ती वेडीच झाली. गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या दालनात तिला फक्त ह्यांचं प्रदर्शन भरवायचं आहे. "काकू, बाकीचे पडदे कुठे आहेत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बाकीचे धुतले." तिचा चेहरा असा झाला की मी तिला पाणी दिलं.

मग चारी पडदे चाळीच्या गॅलरीत सोडले. ती किती वेळ बघत बसली होती. मोबाइलमधले जुने फोटो काढून ताडून बघत होती. मग म्हणाली, "काका, जुन्या प्रत्येक चित्रात होडी आहे. या चारांत एकही नाही. नुसतं पाणी. असं का?"

हे म्हणाले, "हं."

मीच सांगितलं, "आळस गं! होडी काढायला वेळ लागतो. शिडं, दोऱ्या, वल्ही. आता होत नाही त्यांच्याच्यानं." जुईनं मान हलवली, पण तिला काही पटलं नाही.

मला वाटलं हे नाही म्हणतील. यांना चार लोकांत उभं राहायचं म्हणजे अंगावर काटा. पण लगेच हो म्हणाले! एकच विचारलं, "थंय पाणी-बिणी गळत नाय मा?" जुई हसली. म्हणाली, काका, ते दालन अगदी कोरडं आहे. म्हणजे बघा, नाव होणार म्हटल्यावर कसे तयार झाले. माझ्या पण मनात उकळ्या फुटतायत, कशाला खोटं बोलू? गिरणी बंद पडल्यापासून ह्या माणसानं हातात ब्रश धरला आणि कुठल्या कोपऱ्यातही कधी आपलं नाव लिहिलं नाही. एकदा तरी भिंतीवर "गुणाजी तांडेल" असं मोठं लिहिलेलं मला बघायचंय.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला. दीपकचा फोन नाही.

दीपक आमचा एकुलता एक. जहाजावर फिटर आहे, शारजाकडे. दर रविवारी फोन करायचा, मलाच. बापाशी बोलत नाही आणि बाप त्याच्याशी बोलत नाही. जाताना भांडण झालं. ह्यांना वाटायचं पोरानं ब्रश धरावा, तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर भिंतीवर समुद्र बघा, मी खरा बघून येतो." चार वर्षं झाली, घरी आला नाही. दोन नोकऱ्यांच्या मधे सुट्टी असते, तीसुद्धा शारजात खोली घेऊन काढतो. दोघंही एकाच दगडाचे.

तो गेला त्या दिवशी मी केरसुणी हातात घेतली तर हे वसकन अंगावर आले. माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढायचा नाही, डोकं धुवायचं नाही, तो पोचेपर्यंत थांबायचं. मला काय माहीत नाही? पण विमान पोचल्याचा फोन आला तरी हे ऐकेनात. तीन दिवस घरात केर! पोराशी एक शब्द बोलले नाहीत ते नाहीत, वर मला धुळीत बसवलं.

गेले दोन महिने त्याचा फोन येतो तो नुसता "बरा आहे आई, रेंज नाही" एवढ्यापुरता. ह्या रविवारी तेवढाही नाही.

२३ जानेवारी

हे रोज सकाळी उठून माझगावला जातात. कुशाबाकडे. कुशाबा म्हणजे ह्यांचा गाववाला, गोदीत होता, आता रिटायर. भाऊच्या धक्क्यावर बसून दोघं काय करतात देव जाणे. मासळी आण म्हटलं तर मोकळ्या हातानं परत. काल तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी विचारलं, कुठे? "बेलार्ड पिअराक." तिथे ह्यांचं काय काम? जुईनं सांगितलं होतं की त्या बाजूला मोठमोठ्या गॅलऱ्या आहेत. म्हणजे साहेब गुपचूप चित्रांचे भाव काढत फिरतायत! फिरा. 

पण एक गोष्ट मला सहन झाली नाही. शोकेसमधला दीपकचा फोटो गेलाय. पासपोर्टला काढलेला, निळ्या शर्टातला. फ्रेम रिकामी. मी विचारलं तर मान खाली. एवढा राग? चार वर्षांनी? फोटोनं काय घोडं मारलं होतं? मी भांडी आपटली, जेवले नाही. हेही जेवले नाहीत, पण त्याचं मला काय!

२९ जानेवारी

दीपकचा फोन लागतच नाही. "स्विच ऑफ." रुपालीचा नवरा म्हणाला, काकी, समुद्रात असेल आत. असेल. पण जिवाला घोर लागलाय. काल मसाला भाजताना धणे करपवले. आजपर्यंत असं कधी झालं नव्हतं.

ह्यांना काही नाही. झोपेत कूस बदलतात, पहाटे उठून गॅलरीत उभे. प्रदर्शन डोक्यात, दुसरं काय!

४ फेब्रुवारी

जुई टेम्पो घेऊन आली आणि पडदे घेऊन गेली. तीन. चौथ्याला, म्हणजे सगळ्यात पहिल्या वर्षीच्या, उंदरानं एका कडेला भोक पाडलंय, वर पावसाळ्यात बुरशी धरलीय. ती म्हणाली, "हा नको काकू, फार खराब झालाय. टांगला तर फाटेल." हे घरी नव्हते. मी म्हटलं, ने बाई तीन. ती म्हणाली, भिंतीवर नाव मराठीतच लिहिणार, हाताएवढ्या अक्षरांत. मला रडूच आलं. ती गेल्यावर एकटीच हसत बसले होते मूर्खासारखी.

संध्याकाळी हे आले, वर पोटमाळ्यावर बघितलं, एक पडदा उरलाय हे दिसलं. त्याच्यावर हात फिरवला आणि खाली उतरले.

७ फेब्रुवारी

मिरची आली. बेडगी आणि संकेश्वरी. गच्चीवर वाळवायची तर खाली पसरायला मोठं स्वच्छ कापड हवं. जुन्या साड्या पुरेनात. मग वर बघितलं. उंदरानं खाल्लेला पडदा, जुईनं नको म्हटलेला. हे घरी नव्हते, बेलार्ड पिअरला गेले होते.

न्हाणीत टब भरला. पडदा घातला. चार वर्षांनी हात पाण्यात गेले, बरं वाटलं. निळा रंग सुटायला लागला, मग हिरवट, मग तो करडा, जो हे ढगांना लावतात. दुसऱ्या मजल्यावरून सीतारामची सून ओरडली, "काकी, दर्या सोडलात?" मी म्हटलं, "सोडला गो बाय!" छान पिळून गॅलरीच्या दोरीवर टाकला. पांढराशुभ्र. बुरशीचा डाग तेवढा राहिला.

हे जिना चढून आले. पडद्यासमोर उभे राहिले. मग तिथेच, गॅलरीत, जमिनीवर बसले. चप्पल पायात तशीच.

मी म्हटलं, "अहो, फाटका होता. जुईनं नको म्हटला."

हे म्हणाले, "शेवंते, झील पाण्यार असताना दर्या धुवचो नसता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पोरगा पाण्यावर असताना समुद्र धुवायचा नाही. केर काढत नाहीत तसं. डोकं धुवत नाहीत तसं. पोरगा पोचेपर्यंत. चार वर्षं हा माणूस पोरगा पोचायची वाट बघत होता, आणि मी त्याला कलाकारी चढलीय म्हणून जळत होते.

८ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

सगळं सांगितलं ह्यांनी. एवढं बोलताना मी त्यांना उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. दीपकच्या जहाजाचा मालक दिवाळीनंतर पळाला. जहाज बंदराबाहेर नांगरून पडलंय. माणसांना उतरू देत नाहीत, कागद मालकाकडे. खायला कधी येतं, कधी येत नाही. प्यायचं पाणी मोजून. फोन चार्ज करायला जनरेटरला तेल नाही. कुशाबाच्या ओळखीचा एक खलाशी त्या बाजूला होता, त्याच्याकडून कळलं, डिसेंबरातच. तेव्हापासून हे बेलार्ड पिअरला खलाशांच्या युनियनच्या ऑफिसात खेपा घालतायत. फोटो तिथेच दिलाय. त्यांना ओळखपत्रासाठी हवा होता.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तू जेवली नसतंस." आणि त्यांच्याशी भांडून मी जेवले नाही तेव्हा ते काय करत होते? उपाशी बसले होते माझ्यासोबत.

मी फार ओरडले. मग रडले. मग परत ओरडले. मिरच्या तशाच पोत्यात आहेत.

९ फेब्रुवारी

घरात बसवत नाही. देवळात गेले, परत आले. रुपाली म्हणते, काकी, पडद्याचा आणि जहाजाचा काय संबंध? मला काय कळत नाही? माझं डोकं म्हणतं काही संबंध नाही. पण मन ऐकत नाही. माझ्याच हातांनी धुतला. त्याच वर्षीचा, तो गेला त्या वर्षीचा. हात सारखे साबणानं धुतेय आणि परत परत वाटतं, आता नको गं धूस, बस कर.

हे मला एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी धुतलेला पडदा भिंतीला ताणला आणि सरस भिजत घातला. मी बघत राहिले. गेल्या गणपतीनंतर ब्रश हातात घेतला नव्हता, हात थरथरतो आता. म्हणाले, "दोरी धर."

क्षितिजाची रेघ अशीच मारतात. दोरीला नीळ चोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून कापडावर धरायची आणि मधे उचलून सोडायची. फट्ट! सरळ निळी रेघ. लग्न झाल्यापासून दुसरं टोक माझ्याकडे. ह्या घरातला एकही समुद्र मी धरल्याशिवाय झालेला नाही, आणि बघा, हे मला आज सुचतंय.

मग दिवसभर खडू कालवत बसले. रंगात सरस किती ते मला अजून बोटानं कळतं. उंदराच्या भोकाला मी मागून ठिगळ लावलं होतं, त्यावरून त्यांनी एक लाट नेली. लाटा पूर्वीसारख्या नाही जमल्या. काही ठिकाणी ब्रश घसरला, तसंच ठेवलं. मी म्हटलं, "होडी काढा ना आता. येऊ दे त्याला." हे म्हणाले, "मिया काढलंय म्हणान येवची नाय ती." पोरगा गेला तेव्हापासून होडी नाही, आणि मी जुईला आळस सांगितला होता. मग हे ब्रश धुवायला गेले. माझ्या मनात आलं, ब्रशसुद्धा कशाला धुवायचा? पण मग मीच तांब्याभर पाणी दिलं. वेड्यासारखं किती करायचं माणसानं.

१३ फेब्रुवारी

फोन आला! अनोळखी नंबर. "आई." मी ओळखलाच नाही आवाज, इतका बसलेला. उतरवलं त्यांना, सगळ्यांना. दवाखान्यात आहे, सलाइन लावलीय, कागद झाले की पाठवतील. मी नुसती "हां बाबा, हां बाबा" करत होते. हे समोर उभे. फोन त्यांच्यापुढे धरला. घेतला नाही. हात पुढे आला, परत गेला. दीपक म्हणाला, "बाबांना सांगू नकोस, उगाच म्हणतील सांगितलं होतं." मी काही बोलायच्या आत लाइन तुटली.

पडद्यामुळे सुटला असं मी म्हणणार नाही. युनियनची माणसं धावली म्हणून सुटला. देवळातल्या गणपतीला मात्र मोदक ठेवले. ह्यांच्यासाठी सुरमई आणली, दोघांनी मिळून एक अख्खी संपवली.

१ मार्च

प्रदर्शन सुरू झालं. चार पडदे लागलेत, चौथा, ठिगळाचा, जुईनं स्वतः मागून नेला. म्हणाली, काकू, हा सगळ्यात वेगळा आहे. असेलच, मी म्हटलं.

"गुणाजी तांडेल" हाताएवढ्या अक्षरांत. मी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतला. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, कुणी जवळ आलं की चप्पल शोधायचे. शिवाजी पार्कच्या एका डॉक्टरीणबाईंनी चारी पडदे हवेत म्हणून सांगितलं, दवाखान्याच्या मोठ्या भिंतीला. जुईच्या डोळ्यांत पाणी. ह्यांनी मान हलवली. नाही. मला मनातून फार वाईट वाटलं. त्या भिंतीवर हजार माणसांनी नाव वाचलं असतं.

५ मार्च

दीपक आला.

पहाटे उतरला. दाढी वाढलेली, गालफडं आत, शर्ट दुसऱ्या कुणाचा. आल्या आल्या पाच चपात्या खाल्ल्या. मी नुसती बघत होते. हे प्रदर्शनाला गेले होते. दीपक म्हणाला, "संध्याकाळी भेटतील ना, घाई काय?" मी म्हटलं, "ऊठ." टॅक्सीत कोंबला त्याला आणि गिरगावात घेऊन गेले.

दालनात दहाबारा माणसं असतील. हे खुर्चीवरून उठले. दीपक दारात उभा.  दीपकनं वाकून नमस्कार केला. ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, खांद्यावर ठेवला, दंड चाचपला, बाजारात मासा दाबून बघतात तसा. मग वळले आणि पहिल्या पडद्याची दोरी सोडायला लागले.

"काका! अजून तीन दिवस आहेत!" जुई धावत आली. "काका, लोक येतायत, डॉक्टरांनी परत फोन केलाय, हे काय करताय?"

"झील इलो. आता धुवचे."

जुईला काही कळेना. "धुवायचे? काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भिंतीवर ते मोठं नाव होतं. मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते. मी दुसऱ्या पडद्याखाली खुर्ची ओढली आणि दोरी सोडायला चढले. गुडघा दुखत होता. जुई रडत रडत म्हणाली, "मी हे कुणाला समजावू?" मी म्हटलं, "बाय, मला समजायला चार वर्षं लागली." तिनं नाक पुसलं आणि मग तिसऱ्या पडद्याचं टोक धरून खाली टॅक्सीपर्यंत आली. चहाला मात्र थांबली नाही. तिचा राग बरोबर आहे.

६ मार्च

सकाळी न्हाणीत टब भरला. बायकांना आधीच सांगितलं, आज ओरडायचं नाही. दीपकच्या हातात पाण्याचा मग दिला, त्यानं ओतायचं, मी चोळायचं, ह्यांनी पिळायचं. पहिला पडदा पाण्यात गेला आणि रंग सुटला तसा दीपक म्हणाला, "बाबा, ती मुलगी काल सांगत होती, लोक तासन्‌तास उभे राहात होते त्याच्यासमोर. इतकं चांगलं काम. धुता कशाला?"

हे पडदा बुडवत होते. वर न बघता म्हणाले, "तू इलंस म्हणान."

दीपकच्या हातातला मग तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, केराचं, चार वर्षांचं, बेलार्ड पिअरचं, फोटोचं. बापाला आपलं काही पडलेलं नाही असं तो धरून चालला होता, आणि खरं सांगायचं तर मीही. तो ओल्या फरशीवर बसला आणि लहान असताना रडायचा तसा मोठ्यानं रडला. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्टावर निळा पंजा उठला.

"ओत रे पाणी," मग माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आवस खोळांबली हा."

तो उठला आणि ओतायला लागला.